चालीचा प्रश्न

मराठीतल्या ‘चाल’ या शब्दाइतके अर्थ पोटात घेऊन शांत राहणारे शब्द थोडे. माणसाची चाल, बुद्धिबळातली चाल, घराण्यात चालत आलेली चाल, आणि अभंगाला लावलेली चाल. पहिल्या अर्थात शरीर आहे, दुसऱ्यात डाव, तिसऱ्यात परंपरा आणि चौथ्यात संगीत. कोशकार हे अर्थ वेगवेगळ्या क्रमांकांखाली देतो आणि मोकळा होतो. आम्हांला मात्र गेल्या काही वर्षांत ते एकाच ठिकाणी, एका जुन्या मोटारीच्या पोटाखाली, भेटले. त्या भेटीची ही हकीकत.

साहित्याच्या पानावर मोटारीचा विषय काय म्हणून, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे पहिले उत्तर भौगोलिक आहे. आम्ही दोघे चिंचवडला राहतो आणि एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकजण भाषाविज्ञान आणि पाठचिकित्सा शिकवतो, दुसरी कविता. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्या दशकात पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या गावांचे एक यंत्रनगर होत गेले. २००९च्या सुमारास चाकणला मोठमोठे वाहनकारखाने उभे राहिले आणि हे नगर नाशिक रस्त्याने आणखी उत्तरेला सरकले. याच पट्ट्याच्या एका अंगाला देहू आहे, दुसऱ्या अंगाला आळंदी, आणि मध्ये चिंचवडला मोरया गोसावींची समाधी. आमच्या सकाळच्या तासाला बसणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांची रात्रपाळी तासाभरापूर्वीच चाकणला संपलेली असते. फळ्यावर आम्ही ‘प्रक्षेप’ हा शब्द लिहितो तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलाच्या नखांत ग्रीस असते. अशा ठिकाणी यंत्राला साहित्याबाहेर ठेवणे हेच कृत्रिम वाटते.

दुसरे उत्तर घरगुती आहे. आमच्याकडे १९९१ सालची एक काँटेसा आहे. ती नानांची. नाना म्हणजे आमच्यातल्या एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. या पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची हयात गेली. साहेबांची ही गाडी अधूनमधून नादुरुस्त होई, तेव्हा ड्रायव्हर ती गुपचूप नानांकडे आणी. १९९९ साली कंपनीने जुन्या गाड्या विकायला काढल्या, तेव्हा नानांनी निवृत्तीच्या पैशांतून ही घेतली. आईंनी त्यावर आठ दिवस अबोला धरला होता, आणि नवव्या दिवशी त्याच गाडीतून त्या आळंदीला गेल्या.

काँटेसाची वंशावळ सांगितली पाहिजे, कारण पुढचा सारा वाद वंशावळीचाच आहे. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने ती १९८४ साली बाजारात आणली. तिचा साचा इंग्लंडातल्या व्हॉक्सॉल कंपनीच्या व्हीएक्स गाडीचा, जी तिकडे १९७८ मध्येच बंद झाली होती. सुरुवातीला तिच्यात अँबॅसडरचेच दीड लिटरचे अशक्त इंजिन होते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले आणि गाडीला धाप लागणे थांबले. २००२ साली तिचे उत्पादन संपले. लांब नाक, रुंद खांदे आणि हिंदी चित्रपटांतल्या खलनायकांची पसंती यांमुळे तिचे चाहते तिला भारताची ‘मसल कार’ म्हणतात.

या विशेषणाकडे थोड्या संशयाने पाहायला हवे. अमेरिकेत १९६४ साली पाँटिॲकने जीटीओ काढली तेव्हा मध्यम आकाराच्या गाडीत जवळजवळ ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन बसवले होते. काँटेसाचे इंजिन त्याच्या एक तृतीयांशाहूनही लहान. आमच्या गाडीचे स्नायू प्रामुख्याने अंगरख्यातले. तरी एका बाबतीत नाते खरे आहे. त्या अमेरिकन गाड्यांमध्ये सारी प्रतिभा इंजिनात ओतलेली होती. सरळ रस्त्यावर त्या बाणासारख्या सुटत, पण वळणावर त्यांचे वजन आवरत नसे. मागे अखंड ॲक्सल, बऱ्याच गाड्यांत त्याखाली बैलगाडीच्या वंशातले कमानपाटे, चाकांना ड्रम ब्रेक, आणि हातभर फिरवले तेव्हा बोटभर वळणारे स्टिअरिंग. आज तिकडचे मालक अंगरखा जुनाच ठेवून खालचे पाय बदलतात. शक्ती पूर्वीच होती, त्यांना हवी असते ती चाल. आमच्याकडे शक्ती बेताची आणि चालही गेलेली, एवढाच फरक.

प्रश्न निकडीचा झाला तो नानांच्या मणक्यामुळे. वयाच्या ऐंशीनंतर हाडे ठिसूळ होऊन त्यांच्या कमरेतला एक मणका दबला. डॉक्टरांनी प्रवास बंद केला नाही, धक्के बंद केले. पिंपरी-चिंचवडमध्ये या दोहोंत फरक करणे अवघड आहे. चिंचवडहून मोशी, डुडुळगाव करत आळंदीला जायचे तर गतिरोधकांची मोजदाद करता येत नाही, आणि नानांचा वद्य एकादशीच्या वारीचा नेम होता. कार्तिकीची गर्दी त्यांना नको असे. इतर महिन्यांतली शांत एकादशी हवी असे. आमच्या नव्या लहान गाडीतून एकदा नेले. तिच्या ताठ स्प्रिंगांनी आणि आखूड बांध्याने प्रत्येक गतिरोधक दोनदा जाणवून दिला. परतल्यावर नाना तीन दिवस पाठीवर पडून होते. चौथ्या दिवशी म्हणाले, “लांब गाडी कमी झुलते. पुढचं चाक आणि मागचं चाक यांत अंतर पाहिजे. काँटेसा काढा.” काँटेसा काढली. ती पुढच्या चौकातच एखाद्या खाटेसारखी कुरकुरली, आणि साध्या खड्ड्यानंतर चार-पाच वेळा वरखाली होत राहिली. आईंच्या निधनानंतर ती फारशी हललीच नव्हती.

तिच्या पायांत नवे काही घालायचे, हे उघड होते. किती नवे, यावर आमच्या घरात मतभेद झाला आणि तो चार महिने टिकला.

आमच्यातला पाठचिकित्सक मूळ प्रतीचा पक्षपाती. त्याचे म्हणणे असे: एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शिरलेले अपपाठ दूर केले, आणि यापुढे जो आपल्या ओव्या त्यात घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असा इशारा दिला. जीर्णोद्धार म्हणजे काय याची मराठीतली ही सर्वांत कडक व्याख्या. काढा; घालू नका. गाडीच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की झिजलेला भाग काढावा आणि तसाच नवा बसवावा. गॅस भरलेले नवे शॉकॲब्सॉर्बर, विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग, हे सगळे प्रक्षेप.

आमच्यातल्या कवितावालीला हा युक्तिवाद मान्य नव्हता, आणि तिचे अस्त्र तितकेच जवळचे होते. तिने विचारले, मूळ म्हणजे कुठले? राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची एक पोथी छापली आणि ती एकनाथांच्या आधीची असल्याचे सांगितले, तेव्हापासून ‘शुद्ध’ या शब्दाखालची जमीन हलतेच आहे. काँटेसाचेही तेच. तिचे शरीर इंग्रज, पहिले हृदय अँबॅसडरचे, दुसरे जपानी. टायर नानांनी दोनदा बदलले आणि पहिल्याच वेळी रेडियल घातले. १९४६ साली मिशलँने पेटंट घेतलेली ती रचना, जिच्या लवचीक भिंती छोटे खडे स्वतःच गिळतात. तेव्हा मूळपणाची चर्चा कोणी केली नव्हती. मग मणक्यासाठी चार वस्तू बदलल्या तर व्यभिचार कसा?

कायद्याचे मत पाहावे, असे ठरले. गंमत अशी की कायद्यातही हे दोन्ही पक्ष भेटले. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ एकनाथी बाण्याचे आहे: उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला. उलट, जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नियम काढले. त्यांत वाहन मूळ रूपात असावे अशी अट आहे, आणि मूळ रूप कशाने बिघडते तर चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार केल्याने. आमची गाडी त्या वयाची नाही. सर्वांत थोरली काँटेसासुद्धा २०३४ साली पन्नाशीची होईल. परंतु त्या अटीतल्या यादीने आम्ही विचारात पडलो. नियम लिहिणाऱ्याने गाडीची ओळख हाडे, कातडी आणि हृदय यांत ठेवली होती. चाल त्याने नावानिशी धरली नव्हती.

आम्ही वाद घालत होतो तेव्हा नाना पलंगावरून ऐकत होते. एकदा त्यांनी आम्हांला स्प्रिंग म्हणजे काय ते समजावले, आणि वादाचे रूपच बदलले.

स्प्रिंग धक्का नाहीसा करत नाही, साठवते. साठवलेले परत देते, पुन्हा घेते, पुन्हा देते. ही देवघेव थांबवण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे: आत तेल आणि बारीक भोके असलेला दट्ट्या, तेल भोकांतून ढकलले जाताना धक्क्याची शक्ती उष्णतेत विरते. आमच्या गाडीचे तेल कधीच गळून गेले होते. ती धक्का झेलत होती, पण विसरत नव्हती. झेलण्याचीही एक लय असते. आरामशीर गाडीचा देह सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होतो. याहून फार मंद झुलली, तर जहाजासारखी मळमळते. फार जलद झाली, तर बसल्या माणसाचे शरीर ज्या कंपनांना सर्वांत हळवे असते, म्हणजे सेकंदाला चार ते आठ, त्या दिशेने ती सरकते आणि पाठ बोलू लागते. छंदःशास्त्रात आम्ही ज्याला गती म्हणतो ते इथे मोजता येते, आणि चुकले तर दुखते.

पुढे वाचताना मॉरिस ऑली या अभियंत्याची गाठ पडली. हा मूळचा इंग्रज १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये गेला. त्याने एक प्रयोगगाडी बनवली, जिच्यावरची वजने मागेपुढे सरकवता येत, आणि माणसे बसवून विचारले, कसे वाटते? निष्कर्ष असा निघाला की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. पुढचे चाक खड्ड्यात आधी जाते, मागचे क्षणभराने; मागची बाजू किंचित जलद झुलली तर ती पुढचीला गाठते, आणि गाडी डोलकाठीसारखी न हिंदकळता सपाट वरखाली होते. कडव्यातला दुसरा चरण पहिल्याला समेवर कसा गाठतो, हे शिकवणाऱ्यांना यात नवल वाटू नये. ऑली पुढे त्याच दशकात इंग्लंडला परतला, आणि गेला तो व्हॉक्सॉलमध्ये. आमच्या काँटेसाचे ते आजोळ. ते घराणे १९२५ पासून २०१७ पर्यंत जनरल मोटर्सच्या मालकीचे होते. त्याच जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना आमच्या डोळ्यांसमोर चालू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये थांबला. वंशावळी अशा आपल्या घरापर्यंत येतात.

प्रत्यक्ष काम २०२२च्या उन्हाळी सुट्टीत झाले. भोसरीत नानांच्या एका जुन्या सहकाऱ्याचे लेथचे वर्कशॉप आहे. गाडी तिथे दोन घोड्यांवर चढवली. नाना खुर्चीत, पाठीला पट्टा बांधून, आणि आम्ही दोघे हरकाम्ये. पुढच्या चाकांचे दुहेरी विशबोन उघडले तेव्हा त्यांतले रबरी बुश सुकलेल्या चिक्कीसारखे हातात आले. खाटेसारखी कुरकुर त्यांची होती. तिथला तरुण मेकॅनिक म्हणाला, पॉलियुरेथेनचे घाला, जन्मभर जातील. नाना म्हणाले, जन्म कुणाचा? ते कठीण असतात. वळणावर गाडी नेमकी राहते, पण रस्त्याची प्रत्येक बारीक थरथर वर पाठवतात. नानांनी रबराचेच करून घेतले. रबर कापून मऊपणा अंगठ्याने दाबून पाहिला, मग मोजपट्टीने मोजला. दोन्ही उत्तरे जुळली, तेव्हा हसले.

स्प्रिंगांच्या बाबतीत मेकॅनिकची दुसरी सूचना अशी की जुन्या बसलेल्याच आहेत, एखादे वेटोळे कापून चारही सारख्या करू. इथे नानांचा आवाज चढला. “कापली की ती मऊ होत नाही रे, ताठ होते. तार तेवढीच, वेटोळी कमी, मग वाकायला जागा कुठून?” हे वाक्य आमच्यातल्या कवितावालीने वहीत लिहून घेतले. पाठ्यपुस्तकासाठी कडवी गाळून छापलेल्या कविता वर्गात इतक्या ताठ का लागतात, याचे याहून चांगले स्पष्टीकरण तिला मिळाले नव्हते. स्प्रिंगा नव्याच वळवून घेतल्या: पुढच्या मुळाबरहुकूम, मागच्या नानांनी सांगितल्या तशा किंचित ताठ. ऑलीचे नाव त्यांनी कधी ऐकलेले नव्हते. शॉकॲब्सॉर्बर गॅसचे आले. पाठचिकित्सकाने इथे विरोध नोंदवला आणि पाना पुढे केला.

खरा पेच स्टिअरिंगचा होता. ते जड होते. अलीकडच्या एखाद्या लहान गाडीतली विजेची मोटर स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवून देणारे कारागीर या पट्ट्यात आहेत, आणि गाडी यापुढे आम्हीच चालवणार होतो. या वेळी बाजू उलटल्या. कवितावाली म्हणाली, बसवू नये. जडपणा हा या गाडीचा स्वभाव आहे, तो चालवणाऱ्याला सावकाश करतो. पाठचिकित्सक म्हणाला, इतके बदलल्यावर आता सोवळे कशाला? निकाल नानांनी दिला. “रस्ता हाताला कळला पाहिजे, मणक्याला नाही.” मोटर आली नाही. त्याऐवजी झिजलेले बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोके नवी घातली आणि अलाइनमेंट बारकाईने केले. सामानाच्या ढकलगाडीचे चाक आपोआप ढकलण्याच्या दिशेने मागे वळते, तसे पुढच्या चाकांच्या कण्याला किंचित मागे कलवले की वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होते. तो कल वर्षानुवर्षे बिघडलेला होता. नीट झाल्यावर स्टिअरिंग हलके झाले नाही. पण ते काय म्हणते ते स्पष्ट ऐकू येऊ लागले.

त्या दिवसांत भोसरीहून घरी येताना आम्हांला ‘चाल’ हा शब्द पुन्हा सापडला. तुकारामांच्या अभंगांना वारकऱ्यांच्या पारंपरिक चाली आहेत. त्यांनाच श्रीनिवास खळ्यांनी नव्या चाली दिल्या. नामदेवांच्या शब्दांना राम फाटकांची चाल मिळाली आणि भीमसेन जोशींच्या गळ्यातून ती घरोघरी गेली. कोणाही वारकऱ्याने याला प्रक्षेप म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. संहितेत ओवी घालणे आणि संहितेला चाल लावणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या परंपरेला न सांगता कळते. एकनाथांचा इशारा पहिल्या कामाला आहे. दुसऱ्या कामाला मुभा आहे, पण ती अमर्याद नाही: नको त्या शब्दावर सम पडली तर चाल कवितेचा अर्थच मोडते. विजेचे स्टिअरिंग आमच्या लेखी ती चुकीची सम होती. दुसऱ्या कोणाच्या गाडीत, दुसऱ्या कोणाच्या खांद्यांसाठी, तीच बरोबर असू शकेल.

हे सुचल्याने आमचा मतभेद मिटला, असे म्हणता येत नाही. पाठचिकित्सक अजूनही विचारतो की चाल आणि संहिता यांतली रेघ कोणी आखायची. कवीच्या कानात मुळात एक चाल असेलच ना, आणि ती गेली त्याचे काय? उत्तरपाड्याच्या ज्या अभियंत्यांनी भारतीय रस्त्यांसाठी ही गाडी जुळवली, त्यांचा एक कान होता. १९९१ साली नव्या काँटेसात मागे बसल्यावर नेमके कसे वाटत असे, हे नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉकॲब्सॉर्बर घातलेल्या आमच्या गाडीत आता कोणालाच कळणार नाही. हे नुकसान आहे. मणक्याच्या तुलनेत ते लहान आहे, एवढेच.

त्यावर नानांनी केलेली तजवीज मात्र आम्हां दोघांनाही एकदम पटली. काढलेला एकही भाग त्यांनी भंगारात जाऊ दिला नाही. बसलेल्या चार स्प्रिंगा, गळके शॉकॲब्सॉर्बर, सुकलेले बुशसुद्धा, त्यांनी तेलकट कागदात गुंडाळून एका लाकडी पेटीत ठेवायला लावले. प्रत्येकाला चिठ्ठी: कुठल्या चाकाचा, कधी काढला, का काढला. आमच्यातल्या पाठचिकित्सकाने ती पेटी पाहिली आणि त्याला भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवली. १९१९ ते १९६६ एवढा काळ आणि बाराशेंहून अधिक हस्तलिखिते. पण तिचे मोठेपण निवडलेल्या पाठात जेवढे आहे तेवढेच पानाच्या तळाशी आहे, जिथे नाकारलेला प्रत्येक पाठ जपून ठेवला आहे. उद्या कोणाला संपादकाचा निर्णय चुकीचा वाटला, तर परत जाण्याची वाट तिथे उघडी आहे. नानांनी महाभारताची ती आवृत्ती पाहिलेली नाही. टूलरूममध्ये जुना साचा फेकायचा नसतो, एवढे त्यांना ठाऊक आहे.

श्रावण वद्य एकादशीला आम्ही आळंदीला गेलो. नाना मागच्या रुंद बैठकीवर, कमरेशी उशी घेऊन. गतिरोधक आले, गाडी प्रत्येकावर एकदा वर गेली, एकदा खाली आली आणि थांबली. गाडीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. इंद्रायणीच्या पुलावर तेवढे काचेबाहेर पाहत राहिले. परतताना मोशीजवळ म्हणाले, “थांब जरा, चहा घेऊ.” दुखणे सुरू झाल्यापासून कुठूनही परतताना त्यांना घर गाठायची घाई असे, वाटेत थांबावे असे त्यांना पहिल्यांदाच वाटले होते. चहा पिताना त्यांनी विचारले, पेटीतल्या चिठ्ठ्या शाईने लिहिल्या आहेत की पेन्सिलीने? शाईने, असे आम्ही सांगितले. “मग त्यावर मेण चोळा,” ते म्हणाले, “भोसरीच्या पावसात शाई टिकत नाही.”